चार आणे आणि खजिनदाराची वही

(रौप्यमहोत्सवी समारंभात एका संस्थापक सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



प्लॉट, कर्ज, बोअर, रस्ता हा सगळा इतिहास सचिवांनी आत्ताच सांगितला. मी अवचित हाती आलेल्या पैशाबद्दल बोलणार आहे. मी इथं बारा वर्षं खजिनदार होतो. 'मास्तरांची वही फार कटकटीची' अशी कुरकुर तुम्ही सगळ्यांनीच केली. ती वही तशी का, ते आज सांगून टाकतो.

1978 ची गोष्ट. पालम तेव्हा गंगाखेड तालुक्यात होतं. मी नवाच मास्तर झालेलो. आम्ही चार मित्र रोज संध्याकाळी एका हॉटेलात चहाला बसायचो. 1969 साली सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचं वेड तोवर गावोगाव पोचलेलं. एक रुपयाचं तिकीट आम्ही चार-चार आणे काढून घ्यायचो. मास्तर म्हणून तिकीट माझ्या खिशात.

एकदा चौथा मित्र बहिणीच्या गावाला गेलेला. त्याचे चार आणे मीच घातले. नेमके त्याच तिकिटाला दोन हजार लागले! माझा महिन्याचा पगार तेव्हा चारशेसुद्धा नव्हता. मी शाळेत एकटाच बसून आकडा तीनदा ताडून पाहिला. तिकिटावर नाव नसतं. ज्याच्या हातात तिकीट, त्याचं बक्षीस.

संध्याकाळी एकानं विचारलं, "काय मास्तर, निकाल बघितला का?"

मी म्हणालो, "नाही रे, पेपरच मिळाला नाही."

का म्हणालो? आजही नीट सांगता येत नाही. त्या रात्री झोप लागली नाही. आधी वाटलं, कुणाला कळणार आहे? मग वाटलं, दोघांचे पैसे मी घातले, म्हणजे अर्धं तर माझंच. शेवटी वाटलं, माझ्या जागी ते असते तर त्यांनीही हेच केलं असतं. हा विचार सगळ्यात वाईट. आपल्या मनातला चोर आपल्याला मित्राच्या तोंडावर दिसायला लागतो.

सकाळी उठून दोघांना सांगितलं. एक चहा होईपर्यंत आनंद टिकला. मग एक जण म्हणाला, "पेपर तर काल इथंच टेबलावर होता की, मास्तर." मी गप्प. दुसरा म्हणाला, "त्यानं तर पैसे दिलेच नव्हते. तीनच वाटे करा." चौथा परत आला, त्याच्या कानावर हे गेलं. त्यानं माझ्यापुढं चार आण्याचं नाणं ठेवलं, म्हणाला, "हे घे तुझे. आता फिटलं." शेवटी वाटे चारच झाले, पाचशे-पाचशे. त्यानं ते घेतले, पण आमच्या बाकावर पुन्हा कधी बसला नाही. तिकीट घेणंही थांबलं.

पंढरपूरच्या राका-बांकांची कथा तुम्हाला कीर्तनातून माहीत आहे. वाटेत सोनं दिसलं. बायकोचं मन चळेल म्हणून राका त्यावर माती लोटायला लागले. बांकानं विचारलं, मातीवर माती का टाकता? मला त्यात राकांची चूकही दिसते. सोन्याचा मोह त्यांना नव्हता, पण घरच्या माणसाबद्दल शंका आलीच ना! एवढ्या भक्ताला येते, तर आपली काय कथा?

म्हणून खजिनदार झालो तेव्हा एक नियम केला: आलेला पैसा त्याच दिवशी फळ्यावर. आठवतं ना, रस्ता रुंदीकरणात आपली कंपाउंडची भिंत गेली आणि मोबदल्याचा चेक आला? त्याच संध्याकाळी रक्कम फळ्यावर लिहिली. कुणी म्हणालं वाटून घ्या, कुणी म्हणालं भिंत बांधा, कुणी म्हणालं पाण्याची टाकी करा. तीन तास भांडलो आपण! पण समोरासमोर भांडलो. रक्कम किती, हे कुणाला विचारावं लागलं नाही. टाकी झाली, आणि दुसऱ्या दिवशी एकमेकांकडं साखर मागायला जाता आलं.

महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 प्रमाणे लेखापरीक्षण झालेला ताळेबंद, सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी सभासदाला कार्यालयात फुकट पाहता येतात. नव्या पिढीला माझी विनंती आहे, हा हक्क वापरा. वही मागितली म्हणजे अविश्वास दाखवला असं कुणी समजू नये. आणि खजिनदारानं ती मागायची वाटच पाहू नये. लपवायला एक रात्र मिळाली की माणूस काय काय विचार करतो, ते मी करून बसलोय.

2011 मध्ये चार आण्याचं नाणं चलनातून गेलं. माझ्या कपाटात मात्र एक आहे. ते परत द्यायला मी दोनदा त्याच्या दारापर्यंत गेलो आणि तसाच मागं फिरलो. आता तो मित्र राहिला नाही. तुमच्यापैकी कुणाचं असं एखादं नाणं कुणाकडं राहिलं असेल, तर आज जेवणाच्या पंगतीतच देऊन टाका.

जय सहकार!