फाटकावरची झडती



विद्यापीठातील संशोधनाचे परकीयांपासून रक्षण कसे करावे, या विषयावर बोलण्यासाठी आपण अशा माणसाला बोलावले आहे, की ज्याने विद्यार्थी म्हणून विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही. माझे शिक्षण लेथवर आणि युनियनच्या कचेरीत झाले. पण संशयाचा धडा मात्र मी कारखान्याच्या फाटकावर गिरवला आहे. तरुणपणी मी ज्या कारखान्यात होतो, तेथून एकदा एक ड्रॉइंग नाहीसे झाले. दुसऱ्या दिवसापासून पाळी सुटताना आमची झडती सुरू झाली. डबे उघडले, चपला काढायला लावल्या. परप्रांतातून आलेल्या चौघांना तर आठवडाभर कामावर घेतले नाही. महिन्याने ड्रॉइंग सापडले ते साहेबांच्याच कपाटात! माफी मात्र कोणी मागितली नाही.

म्हणून चोरी होतच नाही, असे मी म्हणणार नाही. 2018 साली अमेरिकेच्या सरकारने नऊ इराणी इसमांवर आरोपपत्र ठेवले. त्यात म्हटले आहे, की अमेरिकेतील 144 आणि इतर 21 देशांतील 176 विद्यापीठांवर त्यांनी संगणकाद्वारे घाला घातला. युक्ती साधी होती. 'आपला लेख वाचला, आवडला,' असे दुसऱ्या प्राध्यापकाच्या नावाने पत्र पाठवायचे, आणि खोट्या पानावर त्याचा परवलीचा शब्द काढून घ्यायचा. स्तुतीला भुलून माणूस घराची किल्ली हवाली करतो, ती ही अशी.

तेव्हा कुलूप हवेच. प्रश्न एवढाच, की कुलूप दाराला लावायचे की माणसाला?

च्यन श्वेसेन नावाचा चिनी तरुण 1935 साली शिष्यवृत्तीवर अमेरिकेत गेला. कॅलिफोर्नियातील कॅलटेक या संस्थेत अग्निबाणाच्या विद्येत तो पहिल्या रांगेत बसला. महायुद्धात त्याने अमेरिकेसाठी काम केले. 1950 साली तो कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून त्याची गुप्त कामाची परवानगी काढून घेतली, त्याला अटकेत ठेवले आणि पुढे पाच वर्षे नजरेखाली. 1955 साली तो चीनला परतला. तेथे क्षेपणास्त्रांचे काम उभे राहिले ते त्याच्या नेतृत्वाखाली. ज्या भीतीपोटी त्याला छळले, ती भीती छळणाऱ्यांनीच खरी करून दाखविली!

यावरून शहाणपण आले म्हणावे, तर तेही नाही. 2018 साली अमेरिकेत 'चायना इनिशिएटिव्ह' नावाची मोहीम निघाली. एम.आय.टी.चे प्राध्यापक गांग चेन यांना जानेवारी 2021 मध्ये अटक झाली. त्यांच्या सहकाऱ्यांनी सह्यांचे पत्रक काढले, संस्थेने वकिलाचा खर्च सोसला. वर्षभराने सरकारने आरोप मागे घेतले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये मोहीमही गुंडाळली. मात्र सगळेच निर्दोष होते असे नव्हे. हार्वर्डचे चार्ल्स लीबर चिनी विद्यापीठाकडून मिळणारा पैसा लपवून खोटे बोलले, आणि दोषी ठरले. ते जन्माने अमेरिकनच! गुन्हा लपविण्यात होता, जन्मात नव्हता.

हे दूरदेशीचे म्हणून आपण हात झटकू नये. आपल्याच 'इस्रो'चे नंबी नारायणन यांना 1994 साली हेरगिरीच्या आरोपाखाली पकडले. सी.बी.आय.ने 1996 साली आरोप निराधार ठरविले. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने पन्नास लाखांची भरपाई देवविली. पण गेलेली चोवीस वर्षे कोणते न्यायालय परत देणार?

मग करावे काय? आम्ही कामगारांनी लढून जे मिळविले, तेच प्राध्यापकाला आणि संशोधक विद्यार्थ्याला द्यावे. कोणते संशोधन गुप्त आणि कोणते खुले, हे आधी लेखी ठरवा. बाहेरून आलेला प्रत्येक पैसा सर्वांनी सारख्याच नियमाने जाहीर करावा. संशय आला, तर लेखी आरोपपत्र द्या, रीतसर चौकशी करा, बाजू मांडू द्या, सोबत प्रतिनिधी बसू द्या. निर्दोष ठरला, तर चारचौघांत तसे सांगा.

त्या चौघांपैकी एक जण नंतर नोकरी सोडून गेला. तो आमच्यातला सर्वांत उत्तम फिटर होता. त्याच्या डब्यात काही सापडले नव्हते. पण जे नेण्यासारखे होते, ते तो आपल्या हातांत घेऊन गेला. फाटकावरच्या झडतीत ते कधी दिसत नाही.