शनिवारच्या तबकड्या
(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पाणी, रस्ता आणि मेंटेनन्सवर बाकीचे वक्ते बोलतीलच. मला स्मरणिका समितीने सांगितलं, "साहेब, तुम्ही शनिवारच्या गाण्यांवर बोला." तेव्हा पंधरा मिनिटं तेवढंच बोलतो.

दर शनिवारी संध्याकाळी आपल्या हॉलमध्ये आम्ही आठ-दहा जण तबकड्या ऐकतो. नाट्यगीतं असतात, जुनी सिनेमाची गाणी असतात आणि अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं बुगी-वुगी, ऱ्हिदम अँड ब्लूजही असतं. यातल्या शेवटच्या प्रकाराबद्दल मला नेहमी विचारतात, "आप्पा, हा धांगडधिंगा नशिराबादला कशाला?"

माझं उत्तर असं की, ते संगीत कापसाच्या शेतातून निघालं आणि रेल्वेने शहरात गेलं. कापूस आणि रेल्वे आपल्याला नवीन आहे का? 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध झालं. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, म्हणून हिंदुस्थानातल्या कापसाला भाव चढला. त्यात आपला खानदेशही होता. त्याच युद्धाने तिकडचे गुलाम मुक्त झाले. पण पुढच्या पिढ्यांनाही कापूस वेचणं चुकलं नाही. त्यांच्या कामाच्या गाण्यांतून आणि दुःखातून ब्लूज आलं. पुढे ही माणसं गाडीत बसून शिकागोसारख्या शहरांत मजुरीला गेली, तिथल्या पियानोवर हेच संगीत वाजू लागलं.

बुगी-वुगीची रचना सोपी आहे. डावा हात एकच चाल न थांबता वाजवत राहतो, एका मापात आठ ठोके. उजवा हात त्यावर मनाला येईल ते खेळतो. बारा मापं झाली की पुन्हा पहिल्यापासून. आमच्यातल्या एक काकू पहिल्यांदा ऐकून म्हणाल्या, "डावा हात जातं ओढतोय आणि उजवा ओवी म्हणतोय." बहिणाबाईंचं आसोदा इथून किती लांब आहे? त्या मातीतल्या बाईला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही. आमचे भुसावळचे निवृत्त ड्रायव्हर अण्णा मीड लक्स लुईसची 1927 सालची 'हाँकी टाँक ट्रेन ब्लूज' लावली की डोळे मिटतात आणि सांगतात, "आता चढ लागला. आता भादली गेलं."

ज्याच्या तबकडीमुळे बुगी-वुगी हे नाव पसरलं, त्या पाइनटॉप स्मिथने ती 1928 मध्ये वाजवली. पुढच्याच वर्षी एका नाचघरातल्या भांडणात गोळी लागून तो गेला. वय चोवीस. त्याला पुढचं काहीच बघायला मिळालं नाही. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये हेच वादन मानाने झालं. तरी अशा तबकड्यांना बाजारात 'रेस रेकॉर्ड' म्हणत, म्हणजे वेगळ्या पंगतीच्या. 1949 मध्ये 'बिलबोर्ड' साप्ताहिकाने ते नाव काढून 'ऱ्हिदम अँड ब्लूज' केलं.

आता घरचं बघा. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र. त्यांच्या जोडीला गोव्याच्या हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ. ट्रम्पेट वाजवायचा, 'चिक चॉकलेट' या नावाने मुंबई गाजवली. 1951 च्या 'अलबेला'त त्याचा बँड पडद्यावरही दिसतो. 1957 च्या 'आशा'तलं 'ईना मीना डीका' तर इथल्या बालवाडीतल्या पोरांनाही येतं. आम्ही आधी लुई जॉर्डन लावतो आणि मग 'अलबेला'. कोण कोणाचा नातेवाईक, हे न सांगता कळतं.

मोबाईलवर हे सगळं मिळतं, हे मला नातवाने दाखवलंय. पण तबकडीची एक बाजू तीन मिनिटांत संपते. कोणीतरी उठतं, बाजू बदलतं, सुई बदलतं. तेवढ्या वेळात माणसं बोलतात. कोणाची शुगर वाढली, कोणाच्या मुलीचं जमलं, कोणाशी कोणाचं बिनसलं, हे मला त्याच मधल्या मिनिटात कळलं. एकमेकांशी अबोला धरलेले दोघे शेजारी इथेच पुन्हा बोलू लागले.

आता मुद्द्यावर येतो. सुरुवातीच्या सात जणांपैकी आता चारच उरलो. दोघे देवाघरी गेले, एक मुलाकडे पुण्याला. गेलेल्यांपैकी एकाच्या तबकड्या किलोच्या भावाने भंगारात गेल्या. घरच्यांचा दोष नाही, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. माझ्याकडे तीनशेच्या वर आहेत आणि माझं वय तुम्हाला ठाऊक आहे. येत्या सर्वसाधारण सभेत हॉलमध्ये एका कपाटाची जागा मागण्याचा विषय आहे. विरोध आहे, आणि तोही रास्त आहे: खुर्च्या ठेवायला जागा कमी, पोरांच्या परीक्षेत आवाज नको. म्हणून लिहून देतो. कपाटाचा खर्च आमचा. आठ वाजता बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये बैठक नाही. सगळ्या तबकड्या सोसायटीच्या नावे रजिस्टरला जमा, नेणाऱ्याची सही. बँकेत तेहतीस वर्षं काढली, हिशोब चोख ठेवेन.

ज्यांच्या माळ्यावर जुन्या तबकड्या आहेत, त्यांना तीन विनंत्या. एक, आडव्या रचू नका, पुस्तकासारख्या उभ्या ठेवा. दोन, स्पिरिटने पुसू नका. जुन्या तबकड्या लाखेच्या असतात, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मऊ कोरडा कपडा पुरे. तीन, भंगारवाल्याला हाक मारण्याआधी मला मारा.

सोसायटीच्या भिंती पंचवीस वर्षं टिकल्या, त्याचं श्रेय सिमेंटला आणि आपल्या खजिनदारांना. माणसं टिकली ती एकत्र बसल्यामुळे. बसायला काहीतरी निमित्त लागतं. आमचं निमित्त तबकडी आहे, तुमचं भजन असेल, कॅरम असेल. कपाट मिळालं तर हे निमित्त आमच्यानंतरही राहील. पोरांनो, हँडल फिरवायला एक तरुण हात हवाय, माझा खांदा दुखतो. शनिवारी सहाला या. चहा आहे.