हॉटेलचं नाव पैसे भरल्यावर!

आज बोलूया न्यूयॉर्कच्या हॉटेलांबद्दल. १९९८ मध्ये सुरू झालेल्या प्राइसलाइननं उलटाच खेळ मांडला. भाव गिऱ्हाईकानं सांगायचा! एरिया निवडा, किती स्टार ते निवडा, आकडा टाका, कार्ड नंबर द्या. बोली लागली की पैसे कापले जायचे, मग हॉटेलचं नाव कळायचं. कॅन्सल नाही, रिफंड नाही.

हॉटेलला हे परवडायचं, कारण रिकामी गेलेली रात्र परत विकता येत नाही. आणि नाव झाकलेलं, म्हणून नेहमीचा दरही पडत नाही.

आता तशी बोली फारशी उरली नाही, पण नाव लपवलेल्या डील्स आहेत. आई-बाबा आले तेव्हा मी एका साइटवर अशीच डील घेतली. खूश होतो! खोलीत गेलो तर बेड एकच, माणसं तिघं. डील दोघांपुरतीच होती, मी वाचलंच नव्हतं. "अरे, मी झोपतो की खाली," बाबा म्हणाले. कंबरदुखीचा माणूस! मीच खाली झोपलो, पण झोप कसली लागते?

म्हणून पे दाबायच्या आधी तीन गोष्टी बघा: माणसं किती, टॅक्स धरून एकूण किती, आणि तारीख नक्की पक्की ना? स्वस्त म्हणजे काय, ते त्यानंतर ठरवा. भेटूया!