चित्राची किंमत आणि चित्राचें मोल

नवें दुकान थाटणारा व्यापारी कपाटें, वजनकांटा, दिवाबत्ती यांचा खर्च मुकाट्यानें करतो. सुताराशीं तो घासाघीस करील; पण सुतारानें मजुरी मागावी यांत त्याला वावगें कांहीं दिसत नाहीं. दुकानाचें बोधचिन्ह किंवा जाहिरातीचें चित्र काढणाऱ्यानें मात्र पैशाची गोष्ट काढली, कीं त्याच्या कपाळाला आठी पडते. चार रेघांचे एवढे पैसे? प्रश्न रोकडा आहे, आणि तो अगदींच गैरवाजवी आहे असेंहि नाहीं. चिन्हाला दिलेली किंमत आणि त्याचा झालेला उपयोग यांचा मेळ बसत नाहीं, अशीं उदाहरणें खरोखरच घडलीं आहेत. त्यांतील दोन अमेरिकेचीं आहेत.

पोर्टलंड शहरांत फिल नाईट नांवाचे गृहस्थ बुटांचा लहानसा व्यापार करीत आणि जोडीला तेथील विद्यापीठांत हिशेबशास्त्र शिकवीत. तेथेंच कॅरोलिन डेव्हिडसन ही कलाशाखेची विद्यार्थिनी त्यांना भेटली आणि तासाला दोन डॉलर या दरानें त्यांचीं किरकोळ चित्रकामें करूं लागली. १९७१ सालीं नव्या बुटांसाठीं चिन्ह हवें झालें, तेंहि तिनेंच काढलें. बिल झालें ३५ डॉलर. त्या दरानें साडेसतरा तासांची मजुरी! नाईट यांना चिन्ह विशेष आवडलें नव्हतें; काम खोळंबलें होतें म्हणून त्यांनीं तें पत्करलें. 'नाइकी'चें तें वळणदार चिन्ह आज मुंबई-पुण्याचीं शाळकरी मुलेंहि ओळखतात. १९८३ सालीं कंपनीनें डेव्हिडसनबाईंना हिऱ्याची अंगठी आणि आपले कांहीं शेअर दिले, हें कंपनीच्या बाजूनें जमेस धरलें पाहिजे.

दुसरें उदाहरण १९८६ सालचें. स्टीव्ह जॉब्स यांनीं 'नेक्स्ट' या आपल्या नव्या संगणक कंपनीचें चिन्ह पॉल रँड या नामांकित चित्रकाराकडून करवून घेतलें. मोबदला एक लाख डॉलर. जॉब्स यांनीं निवडीसाठीं निरनिराळे नमुने मागितले, तेव्हां रँड यांनीं साफ नकार दिला. प्रश्न सोडवून देणें हें आपलें काम, पैसे देणें हें जॉब्स यांचें; चिन्ह वापरावें कीं नाहीं ही त्यांची मर्जी, असें त्यांचें म्हणणें होतें. १९९७ च्या आरंभीं ती कंपनी 'ॲपल'नें विकत घेतली आणि चिन्ह मागें पडलें.

पस्तीस डॉलरांचें चिन्ह पन्नास वर्षांहून अधिक टिकलें, लाखाचें दहा-अकरा वर्षांत संपलें! यावरून स्वस्तांतला चित्रकार गांठावा, असें कोणी ठरवील तर तो हिशेब फसवा ठरेल. रँड यांच्या चिन्हांत दोष नव्हता. त्याचा धनीच राहिला नाहीं. 'नाइकी'च्या चिन्हाला मोल आलें तें बुटांमुळें, खेळाडूंमुळें, आणि दर दोन वर्षांनीं तें बदलण्याची बुद्धि कोणाला झाली नाहीं म्हणून. चिन्ह हें बियाण्यासारखें आहे. जमीन आणि मशागत मालकाची. चांगलें चित्र वाईट मालाला फार दिवस तारीत नाहीं, हेंहि चित्रकारांनीं मान्य करावें.

मालकाची मशागत म्हणजे केवळ पैसा नव्हे. १९६६ सालीं 'अमूल' लोण्याच्या जाहिरातीचें काम सिल्व्हेस्टर दा कुन्हा यांच्या संस्थेकडे आलें. ठिपक्यांच्या फ्रॉकमधील ती खट्याळ मुलगी युस्टेस फर्नांडिस यांनीं काढली. चालू घडामोडींवर कोटी करणारे तिचे फलक मुंबईच्या रस्त्यांवर लागूं लागले. अशी कोटी चार दिवसांत शिळी होते. ती मंजुरीसाठीं आणंदच्या कचेरींत पडून राहिली असती, तर तिची चवच गेली असती. व्हर्गीस कुरियन यांनीं पूर्वसंमतीशिवाय जाहिराती लावण्याची मोकळीक दिली. या मोकळिकीसाठीं तिजोरींतून एक पैहि जास्त गेली नाहीं. धैर्य मात्र लागलें.

याच्या उलट रीत बाजारांत फार आढळते. वर्तमानपत्रांतील जागेसाठीं मोजून पैसे भरावयाचे, आणि ती जागा ज्यानें भरावयाची त्या चित्रावर काटकसर करावयाची! त्याहून वाईट म्हणजे चार चित्रकारांना 'नमुना आणून दाखवा' म्हणावयाचें, एक पसंत करावयाचा आणि उरलेल्या तिघांची मेहनत फुकट घालवावयाची. कलाशाळेंत जाणाऱ्या मुलीच्या घरीं 'यावर पोट भरेल का' हा प्रश्न निघतो, त्याचें मूळ पुष्कळ अंशीं या रीतींत आहे.

कायद्याचीहि एक बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणें मोबदला देऊन काढवून घेतलेल्या चित्राचा पहिला हक्क, उलट करार नसेल तर, काढवून घेणाऱ्याकडे जातो. म्हणजे चित्रकार एकदां पैसे घेतो आणि चित्र पुढें वर्षानुवर्षें दुसऱ्याचें काम करीत राहतें. म्हणून काम हातीं घेण्यापूर्वींच चित्र कोठें, कशावर आणि किती वर्षें वापरावयाचें हें उभयतांनीं कागदावर लिहावें, आणि आंकडा त्यानंतर काढावा.