देवनहळ्ळीच्या अंगणातील अंजीर

अंजीर हे वड, पिंपळ आणि उंबर यांच्याच प्रजातीतले झाड. शास्त्रीय नाव फायकस कॅरिका. ज्याला फळ म्हणतात तो खरे तर आतून पोकळ असलेला मांसल फुलोरा असतो. बारीक फुले त्याच्या पोटातच, नजरेआड उमलतात. पिकलेले उंबर फोडले की किडे उडतात, म्हणून काही घरांत अंजिराकडेही संशयाने पाहिले जाते. तुर्कस्तानातील स्मिर्ना गटाच्या अंजिरांना फळ धरण्यासाठी एका चिमुकल्या गांधीलमाशीची गरज लागते, हे खरे. मात्र महाराष्ट्रात रूढ असलेला ‘पूना अंजीर’ परागीभवनाविनाच फळ धरतो. अंगणात एकच झाड असले तरी पुरते.

या वाणाचे माहेर पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुका. सासवडच्या परिसरात दिवे, गुऱ्होळी, सिंगापूर अशा गावांच्या मुरमाड, चुनखडीयुक्त जमिनीत तो पिढ्यान्‌पिढ्या होत आला आहे, आणि पुरंदर अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. कर्नाटकात श्रीरंगपट्टणजवळचे गंजाम अंजिरांसाठी जुन्या काळापासून ओळखले जाते. बंगळूरजवळच्या देवनहळ्ळीची स्वतःची ख्याती मात्र पपनस आणि ‘बंगळूर ब्लू’ द्राक्षांची. २००८ साली येथे बंगळूरचा विमानतळ सुरू झाला आणि मळ्यांच्या जागी भूखंड पडत गेले. अशा भूखंडावरील घरात शेती उरत नाही. एखाद-दुसरे फळझाड मात्र सहज सामावते.

पुण्याकडून काडी आणणाऱ्याने तिच्याबरोबर तिकडचे वेळापत्रक आणू नये. पुरंदरमध्ये दोन बहर धरतात. जूनच्या सुमारास छाटणी करून हिवाळ्यात येणारा तो खट्टा बहर. सप्टेंबर-ऑक्टोबरात छाटून उन्हाळ्याच्या तोंडाशी येणारा तो मीठा बहर. पुरंदर पर्जन्यछायेत आहे, तेथे हा हिशेब जमतो. देवनहळ्ळी समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असून दोन्ही मोसमी वाऱ्यांच्या वाटेवर आहे. सर्वाधिक पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरातच पडतो आणि नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो. ऐन पावसात छाटणी केली तर कोवळ्या फुटीवर तांबेरा चढतो. उलट डिसेंबर उलटू दिला तर फळे एप्रिल-मेच्या वळिवात सापडून तडकतात आणि आंबतात. छाटणीपासून फळ पिकेपर्यंत साधारण चार ते साडेचार महिने जातात. तेव्हा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, पावसाने उघडीप दिलेली पाहून छाटणी केली की तोडणी मार्चच्या कोरड्या दिवसांत पडते. खट्ट्या बहराचा मोह घरच्या झाडासाठी सोडलेलाच बरा.

नवे झाड काडीपासूनच करतात. बी पेरून मातेसारखे झाड मिळत नाही. छाटणीत निघालेली पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांबीची, चार-सहा डोळ्यांची पक्व काडी घ्यावी. खालचा काप डोळ्याच्या लगत खाली घेऊन चीक वाहून जाऊ द्यावा आणि दोन-तृतीयांश काडी मातीत पुरावी. पाने फुटली म्हणजे मुळे आली असे समजून काडी उपटून पाहण्याचा उतावीळपणा बहुतेक काड्यांना भोवतो. आधीच्या साठ्यावर पाने फुटतात, मुळे मागाहून येतात. दोन-तीन महिन्यांनी रोप हलवण्याजोगे होते.

देवनहळ्ळीची तांबडी माती निचऱ्याला उत्तम, पण पाणी व अन्न धरून ठेवण्यात कमी. दोन फुटी खड्ड्यात चांगले कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड मिसळावी. पेंडीचा उपयोग केवळ खताचा नाही: हलक्या मातीत सूत्रकृमी माजतात, मुळांवर गाठी येतात आणि झाड कारण न कळता खुरटते. आळ्याभोवती झेंडू लावल्यानेही त्यांना आळा बसतो. अंजिराची मुळे उथळ पसरतात आणि ओलीच्या शोधात लांब जातात, म्हणून भिंत, सांडपाण्याचा नळ आणि विशेषतः पाण्याचा संप यांच्यापासून दहा-बारा फूट अंतर हवे. गच्चीवर अर्धा कापलेला पिंप चालतो, मात्र तळाला भोके हवीत आणि दर दोन वर्षांनी मुळे थोडी छाटून माती बदलावी.

पाण्याच्या बाबतीत झाड सोशीक आहे. खोल विंधनविहिरींच्या या तालुक्यात हा गुण मोलाचा. छाटणीपूर्वी पाणी तोडून ताण द्यावा, फळे वाढत असताना मात्र ओल सतत एकसारखी ठेवावी. आठवडाभर कोरडे ठेवून एकदम भरपूर पाजले की फळे गळतात किंवा उकलतात. फळ नव्या फुटीवर येते, म्हणून छाटणी हात आखडून करू नये. मागील हंगामाच्या फांद्या दोन-चार डोळे राखून कापाव्यात. उघड्या पडलेल्या जुन्या फांदीवर फूट हवी असल्यास झोपलेल्या डोळ्याच्या वर सालीला छोटी खाच पाडतात. वरून खाली येणारा वाढरोधक रस अडतो आणि डोळा जागा होतो.

रोगांत तांबेरा सर्वांत त्रासदायक. पानाच्या खालच्या बाजूला तांबूस पुटकुळ्या येतात, बोट फिरवले तर विटकरी भुकटी लागते, आणि काही आठवड्यांत झाड उघडे पडते. गळलेली पाने वेचून जाळावीत. पावसाळ्याच्या आरंभी व नव्या फुटीवर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारावे. घरापुरते प्रमाण म्हणजे दहा लिटर पाण्याला शंभर ग्रॅम मोरचूद आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना. दोन्ही प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या बादल्यांत भिजवून मोरचुदाचे पाणी चुन्याच्या निवळीत हळूहळू ओतावे. मिश्रणात लोखंडी सुरी क्षणभर बुडवावी. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे, तो वाढवावा, नाहीतर पाने करपतात. मिश्रण त्याच दिवशी संपवावे. फळे धरल्यावर ही फवारणी टाळावी.

खोडातून भुसा गळताना दिसला तर आत खोडकिडा असतो. छिद्रात तार घालून अळी मारावी आणि रॉकेलचा बोळा कोंबून ओल्या मातीने लिंपावे. पिठ्या ढेकणांची ने-आण मुंग्या करतात, त्यामुळे खोडावर चिकटपट्टा बांधल्याने अर्धे काम होते. बुलबुल, खारी आणि वटवाघळे यांच्यापुढे जाळी किंवा फळागणिक मलमलीची पिशवी, एवढाच उपाय.

तोडल्यावर अंजीर पुढे पिकत नाही. बाजारातले फळ बहुधा कच्चट लागते ते यामुळे. ताठ उभे फळ मानेत वाकून लोंबू लागले, बोटाला मऊ लागले आणि रंग जांभळट झाला की देठासह तोडावे. तोडणी सकाळी, लांब बाह्यांचा सदरा घालून करावी, कारण चीक कातडीवर पडून त्यावर ऊन लागले तर फोड येतात. फळ बाहेर दिवसभर, फ्रिजमध्ये फार तर दोन-तीन दिवस टिकते.