सोन्याचे तीन पत्रे

(अमेरिकेत मिशिगन राज्यात ट्रॉय नावाचे शहर आहे. तेथे अनेक मराठी कुटुंबे राहतात. नवरात्रात जमलेल्या मुलांपुढे एका शिक्षिकेने केलेले हे भाषण.)

बालमित्रांनो,

आत्ताच आपली आरती झाली. प्रसाद घेताना एका मुलीने मला हळूच विचारले, ''बाई, आमच्या देवीला आई रेणुका म्हणते आणि आजी यल्लम्मा म्हणते. शाळेत मैत्रिणींनी विचारले, तर मी कोणते नाव सांगू? खरे नाव कोणते?''

प्रश्न छोटा आहे, पण फार जुना आहे. त्यासाठी तुम्हांला एक गोष्ट सांगते.

सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठी, आजच्या लेबनॉन देशात, फिनिशियन लोक राहत. टायर, सिडॉन, बिब्लॉस ही त्यांची बंदरे. ते पटाईत दर्यावर्दी होते. जांभळ्या रंगाचे उंची कापड ते दूरदूर नेऊन विकत. त्यांच्या लिपीत २२ अक्षरे होती. ग्रीकांनी आपली लिपी त्यांच्यापासूनच घेतली.

त्यांची एक मोठी देवी होती. तिचे नाव अस्तार्ते. पूर्वेकडे बाबिलोनमध्ये इश्तार देवी होती. दोन्ही नावे म्हणून पाहा. बहिणी-बहिणींसारखी वाटतात ना? इश्तारच्या नावाचा बाबिलोनमध्ये भव्य दरवाजा होता. त्यावरील रंगीत विटांचा, सापासारख्या डोक्याचा प्राणी तुमच्या शेजारच्या डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयात आहे. आईबाबांबरोबर जाऊन तो जरूर पाहा.

इजिप्तच्या लोकांनी अस्तार्तेला घोड्यावर बसवले आणि तिच्या हाती शस्त्र दिले. सायप्रस बेटावर फिनिशियन आणि ग्रीक शेजारी होते. तेथे ग्रीक तिला ॲफ्रोडाइटी म्हणू लागले. तुमच्या शहराचे नाव मुळात ज्या प्राचीन नगराचे, त्या ट्रॉयच्या कथेत ही ॲफ्रोडाइटी ट्रॉयच्या बाजूने उभी राहते.

पण ही देवी म्हणजेच ती देवी, हे आपल्याला कसे कळले? इ.स. १९६४ मध्ये इटलीत पिर्गी येथे जमिनीखाली गुंडाळून ठेवलेले सोन्याचे तीन पत्रे सापडले. ते सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचे आहेत. एका राजाने देवीला पवित्र स्थान अर्पण केल्याचा मजकूर त्यांवर कोरलेला आहे. दोन पत्रे तेथील एट्रुस्कन भाषेत आहेत, तर एक फिनिशियन भाषेत आहे. एट्रुस्कन मजकुरात देवीचे नाव आहे उनी. फिनिशियन मजकुरात आहे अस्तार्ते. राजाने आपली भाषा ठेवली आणि पाहुण्यांच्या भाषेलाही मान दिला!

मात्र एक लक्षात ठेवा. इश्तारजवळ सिंह असतो, दुर्गेजवळही असतो. म्हणून त्या एकच आहेत, असे म्हणू नका. नुसत्या सारखेपणावरून नाते ठरत नाही. त्याला पुरावा लागतो.

आता आपल्या घराकडे या. नांदेड जिल्ह्यातील माहूरला रेणुकामातेचे मंदिर आहे. कर्नाटकात सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माचे मंदिर आहे. तेथे तिला रेणुका असेही म्हणतात. कोल्हापूरकडून कितीतरी मराठी भाविक सौंदत्तीला जातात. तेथे मराठी आणि कानडी माणसे एकाच रांगेत उभी राहतात. हाही पुरावाच नव्हे का?

तेव्हा बाळ, आईचेही नाव खरे आणि आजीचेही खरे. शाळेत दोन्ही नावे सांग, अगदी न लाजता. मग मैत्रिणींनाही विचार, ''तुमच्या घरी काय म्हणतात?'' आणि त्यांचे उत्तर मन लावून ऐक.