कुंभकोणमच्या विटा आणि देखभालीचे अर्थकारण

(व्याख्यानाचा संपादित पाठ)

कावेरीकाठचे कुंभकोणम मराठी माणसास परके नाही. सतराव्या शतकाच्या अखेरच्या चरणापासून १८५५ पर्यंत हा प्रदेश तंजावूरच्या भोसले घराण्याशी निगडित होता. बडोद्याचे दिवाण सर टी. माधवराव यांचा जन्म १८२८ साली याच गावी झाला. या शहराची ओळख म्हणजे गोपुरे. शारंगपाणी मंदिराचे अकरा मजली गोपूर सुमारे १७३ फूट उंच आहे. अशा गोपुरांचा पाया आणि खालचा भाग दगडी असतो. वरचे मजले मात्र भार हलका राहावा म्हणून विटा व चुन्यात बांधलेले असतात. दगड शतके टिकतो, विटेला सतत निगा लागते. जवळच्या दारासुरम येथील ऐरावतेश्वर मंदिर बाराव्या शतकातील असून २००४ मध्ये ते जागतिक वारशाच्या यादीत आले. त्याच्या बाहेरील गोपुराचा दगडी भाग उभा आहे, वरचे मजले आज नाहीत.

वीटकाम बिघडते ते पाण्यामुळे. ईशान्य मोसमी पावसात फटींतून ओल आत शिरते, पक्ष्यांनी टाकलेल्या बियांतून पिंपळ उगवतो आणि त्याची मुळे दर्जा उकलत जातात. जुन्या बांधकामाचा नियम असा की दर्जातील मसाला विटेपेक्षा मऊ असावा. चुन्याच्या दर्जातून ओल बाहेर पडते. झिजायचे ते दर्जेनेच झिजावे, आणि काही दशकांनी ती खरवडून पुन्हा भरावी. तमिळ गवंडी चुन्यात हिरड्याचे पाणी आणि गूळ मिसळत आले आहेत. सिमेंटची दर्जा विटेहून कठीण असते. ओलीला वाट उरत नाही, ती विटेतूनच बाहेर पडू लागते; क्षार पृष्ठभागाशी साचतात, लोणा लागतो आणि विटेचे पापुद्रे सुटतात. म्हणजे दुरुस्ती शाबूत राहते आणि मूळ वीट जाते!

हे ज्ञात असूनही सिमेंट का वापरले जाते? याचे उत्तर स्थापत्यशास्त्रापेक्षा अर्थशास्त्रात अधिक सापडते. चुना आधीच भिजवून ठेवावा लागतो, तो सावकाश घट्ट होतो, त्याला जाणता कारागीर लागतो. सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारण्याच्या पद्धतीत या वेळेला आणि कौशल्याला किंमत मिळत नाही. शिवाय अर्थसंकल्पात देखभाल हा महसुली खर्च, तर नवे बांधकाम हा भांडवली खर्च. वित्तीय शिस्तीची वेळ आली की कात्री प्रथम देखभालीवर चालते, आणि हे वर्गीकरण धोरणकर्त्यांची दिशाभूल करते असे म्हटल्यास वावगे ठरू नये. बाराव्या वित्त आयोगाने (२००५-१०) हा दोष ओळखला होता. रस्ते व पुलांच्या देखभालीसाठी १५,००० कोटी, सार्वजनिक इमारतींच्या देखभालीसाठी ५,००० कोटी आणि वारसा जतनासाठी ६२५ कोटी रुपयांची स्वतंत्र शिफारस त्याने केली. पुढे २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘हृदय’ योजनेच्या १२ शहरांत कांचीपुरम व वेलंकन्नी होती, कुंभकोणम नव्हते.

टाळलेल्या देखभालीची किंमत २६ मे २०१० रोजी आंध्र प्रदेशातील श्रीकालहस्ती येथे दिसली. कृष्णदेवरायाने १५१६ मध्ये उभारलेले राजगोपूर तडे जाऊन कोसळले. २०१७ साली तेथे नवे गोपूर उभे राहिले. पाचशे वर्षांचे वीटकाम मात्र परत आणता आले नाही.

जबाबदारीही विभागलेली आहे. राष्ट्रीय महत्त्वाची स्मारके संघसूचीत (नोंद ६७), इतर स्मारके राज्यसूचीत (नोंद १२) येतात. अनुच्छेद ४९ राज्यसंस्थेवर आणि ५१क(च) नागरिकांवर कर्तव्य सोपवतो. दारासुरमचे मंदिर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे, तर पूजाअर्चा चालू असलेली बहुसंख्य मंदिरे राज्याच्या हिंदू धार्मिक व धर्मादाय विभागाकडे आहेत. या मंदिरांच्या दुरुस्तीचा प्रश्न मद्रास उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये न्यायालयाने ७५ निर्देश दिले.

परंपरेकडे या प्रश्नाचे एक उत्तर होते. साधारण बारा वर्षांनी कुंभाभिषेक करण्याच्या प्रथेमुळे गोपुरावर परांची चढते, झाडे निघतात, गिलावा दुरुस्त होतो आणि देणग्याही जमतात. देखभालीचे असे ठरलेले चक्र आधुनिक प्रशासनाला क्वचितच साधले आहे. पण मुदत आणि उत्सव यांच्या घाईत तैलरंगाचे जाड थर आणि सिमेंटचा गिलावाही येतो, हेही नाकारता येत नाही.

मंदिरांमागे निदान देवस्थान असते. साध्या घरांचे काय? शारंगपाणी सन्निधी मार्गावरील गणिती रामानुजन यांचे छोटेसे घर २००३ मध्ये एका विद्यापीठाने घेऊन जतन केले म्हणून वाचले. त्याच पद्धतीच्या इतर घरांच्या मालकांना कोणतेही अनुदान नाही आणि चुन्याचा गवंडी मिळणेही अवघड. अशा कारागिरांना वर्षभर काम मिळेल इतकी मागणी एका शहरात नसते. तंजावूर, कुंभकोणम व मायिलाडुतुरै यांची कामे एकत्र करून बहुवार्षिक करार दिल्यास ती निर्माण होऊ शकते. पुढील महामहम पर्व २०२८ साली आहे. त्या वेळी तलावाकाठचे सोळा मंडप आणि गोपुरे रंगवली जातीलच. दर्जा कशाने भरल्या जाणार, हे निविदेच्या अटी लिहिताना आताच ठरवावे लागेल.